आज भोंगा वाजला न्हाई

ईश्वरप्पा : …आन् तू मलाच म्हनतीस, हळू बोला? अगं सूनबाई, अख्ख्या गावात आज एकच विषय हाय, आन् तो विषय तुज्या घरात घोरून राहिलाय.

सिंधु : म्हनूनच म्हनते, हळू बोला. चपला तिकडं काढा अप्पा. आत जाऊ नका, भांड्याला पाय लागंल. हितं ओट्यावर बसा.

ईश्वरप्पा : बसतो. आधी सांग, देविदास बरा हाय न्हवं?

सिंधु : ऐका की. आवाज येतोय.

ईश्वरप्पा : येतोय खरा. पान्याची मोटर चालू ठिवल्यावानी.

सिंधु : लई दिसांनी घोरले. मधी तर घोरनं बी बंद झालतं. पडायचे नुसते, डोळे उघडे ठिवून.

ईश्वरप्पा : मला मुख्याधिकारी मॅडमनं धाडलंय. म्हनल्या, मुकादम, तुमी जा, देविदासला घेऊन या. फोन लावला तर बंद. देविदासचा फोन बंद! हे मी जल्मात ऐकलं न्हाई. मला वाटलं, गेला गडी. सायकल हानत आलो. आन् वळनावर तू दिसलीस, निवांत लसूण सोलत बसलेली. तवा कुठं जीव भांड्यात पडला.

सिंधु : गावात काय झालं ते सांगा.

ईश्वरप्पा : काय झालं? काय झालं न्हाई ते इचार. रोज फजरला नगरपरिषदेचा पाचचा भोंगा झाला की माज्या झाडूवाल्या बाया चौकात गोळा होतात. आज मी चौकात उभा, एकटा. आधी वाटलं मीच लवकर आलो. मंग वाटलं बाया संपावर गेल्या, आन् मला सांगितलं बी न्हाई. मंग तांबडं फुटलं, चिमन्या वरडायला लागल्या, तरी मारुतीच्या देवळाला कुलूप. पुजारी भोंग्यावर उठतो आन् देव पुजाऱ्यावर. दोगं बी झोपलेले.

सिंधु : आन् मोबाइल? सगळ्यांकडं मोबाइल हायत. गजर लावत न्हाईत का लोक?

ईश्वरप्पा : कोन लावतंय? भोंगा हाय की. आजा भोंग्यावर उठला, बाप भोंग्यावर उठला, नातू कशाला गजर लावंल? लातूरच्या क्लासला जानाऱ्या पोरांची पहिली यष्टी रिकामी गेली. ड्रायव्हर हॉर्न मारून मारून बेजार झाला. तो बाहेरगावचा, म्हनून तेवढा जागा. हॉटेलवाल्यानं भट्टी पेटवली तर दूधवाला न्हाई. दूधवाला आला तर गिऱ्हाईक न्हाई. आन् व्यंकटरावाची डाळमिल! सगळ्या गिरण्यांत दोनच तर चालू राहिल्यात आता. तिथं नुसता वॉचमन. हमाल न्हाई, निवडनाऱ्या बाया न्हाईत. मंग आला व्यंकटराव नगरपरिषदेत बोंबलत. पन कधी आला? ऊन तापल्यावर. त्याचा सोताचा डोळा तवा उघडला.

सिंधु : हसवू नका अप्पा. मी हसले की भिंतीपल्याड ऐकू जातंय.

ईश्वरप्पा : हसतीस काय? पुढचं ऐकून घे. व्यंकटराव आन् मोंढ्यातले चार व्यापारी मॅडमच्या दालनात ठान मांडून बसलेत. म्हनतात, भोंगेवाल्याला निलंबित करा, तवाच उठतो. आन् दिवस कसे हायत तुला ठाव हाय. ह्या मंदीत एक मानूस घरी बसला की त्याची जागा पुन्हा भरत न्हाईत. जागा मेली की मेली. देविदास घरी बसला तर घरीच बसंल.

सिंधु : बसू द्या. झोपतील तरी.

ईश्वरप्पा : येडी का खुळी तू?

सिंधु : येडीच समजा. अप्पा, तुमी सांगा, आधी हितं किती मानसं होती? पंपाला एक, लाईटीला एक, भोंग्याला हे. गिरण्यांना कुलपं लागली, मोंढा थंडावला, लोक कर भरंनात. मंग कंत्राटी लाईटवाल्याला काढलं. पंपवाले काका पेन्शनीत गेले, त्यांची जागा भरली न्हाई. सगळं आलं ह्यांच्या गळ्यात. फजरला भोंगा, मंग टाकी, मंग गल्लोगल्लीचे व्हॉल्व. दुपारला भोंगा. दिवस बुडाला की खांबावरचे दिवे. जेवून पाठ टेकली की रातचा भोंगा. आन् डोळा लागतोय तर फोन. आमच्या गल्लीत अंधार हाय, आमचा नळ गळून राहिला. तुकड्यातुकड्यानं झोपायचं. गोधडी शिवल्यावानी.

ईश्वरप्पा : सगळ्यांचंच तसं हाय गं. मला बी शुगर निघाली. भागवत अकाउंटंट कधी कुनावर आवाज चढवत नव्हता, परवा टायपिंगच्या पोरीवर असा खेकसला की सोताच बाहेर जाऊन रडला.

सिंधु : परवा जेवताना ह्यांचा डोळा लागला. हात वरनात, घास तसाच. पोरगी म्हनली, आई, बाबा पिऊन आलेत का काय? पिऊन न्हाई गं बाई, झोपलेत.

ईश्वरप्पा : त्या शिबिरात बी तसंच केलं त्यानं. तुला सांगितलं का कुनी?

सिंधु : कोनतं? ते कर्मचारी कल्यानाचं?

ईश्वरप्पा : तेच. ताणतणाव कसा घालवायचा, म्हनून लातूरहून सर आलते. ठिवलं कधी? रविवारी. एक सुट्टी होती ती बी ताण घालवायला गेली. सर म्हनले, डोळे मिटा, लांब श्वास घ्या. देविदासनं मिटले ते मिटले. सर सगळ्यांना म्हनले, बघा, याला म्हनतात ध्यान. टाळ्या वाजवा त्यांच्यासाठी. आम्ही वाजवल्या. हा उठंना. सर खूश. आन् बाराच्या भोंग्याची येळ झाली तसा आपोआप उठला, चपला घातल्या, निघून गेला. सरांचं भाषन तसंच अर्धं.

सिंधु : त्याच दिवशी दुपारच्याला दवाखान्यात डॉक्टरीनबाईंनी ह्यांचं प्रेशर मोजलं. मला बोलवून घेतलं शेजारच्या खोलीत. म्हनल्या, गोळी देते बाई, पन ह्यांना खरं औषध एकच. सलग झोप. ती मिळाली न्हाई तर एक दिवस हे आपोआप आडवे होतील, आन् मंग कितीबी भोंगे वाजवा, उठायचे न्हाईत. अशा भाषेत सांगितलं बघा, मला कळंल अशा.

ईश्वरप्पा : तू त्याला बोललीस का?

सिंधु : रोज बोलते. रजा घ्या म्हनलं. म्हनतात, रजेवर गेलो तर बदली मानूस कुठाय? दुसऱ्याला शिकवा म्हनलं, तर उत्तर ठरलेलं. बापानं भोंग्याची किल्ली कधी परक्याच्या हातात दिली न्हाई.

ईश्वरप्पा : ते खरं हाय. तुजा सासरा म्हंजी कमाल मानूस. किल्लारीच्या भूकंपाची फजर होती. आपल्याकडं भांडी खडखडली तसा हा लुंगीवर पळत सुटला आन् भोंगा धरून ठिवला. सोडंचना. सगळं गाव अंगनात आलं. भिंती पडल्या, मानूस एक गेला न्हाई. मी तवा नवा झाडूवाला. तवापासून ह्या घराला भोंगा म्हंजी देवघर.

सिंधु : देवघराला बी कधी दार लावतात की न्हाई? देवाला झोपवतात, आरती म्हनून. ह्यांना कोन झोपवायचं?

ईश्वरप्पा : हे बरोबर बोललीस. …सूनबाई.

सिंधु : काय?

ईश्वरप्पा : तुज्या पदराला काय बांधलंय?

सिंधु : काय न्हाई.

ईश्वरप्पा : किल्ली हाय ती.

सिंधु : आसंल.

ईश्वरप्पा : भोंग्याच्या खोलीची किल्ली हाय. पितळंची. तुज्या सासऱ्याच्या करगोट्याला बघितलीय मी. आन् त्याचा फोन कुठाय?

सिंधु : ज्वारीच्या डब्यात. बंद करून.

ईश्वरप्पा : अय्यो यप्पा!

सिंधु : हळू.

ईश्वरप्पा : म्हंजी ह्यो देविदास झोपला न्हाई. तू झोपवलंस. त्यालाबी आन् गावालाबी.

सिंधु : आज पान्याची पाळी न्हाई. टाकी बंद. दिव्यांचं काम सांजच्याला. म्हनून आजचाच दिवस धरला. ते आडवे झाले तशी सदऱ्यातून किल्ली काढली, फोन काढला. आन् फजरच्या आधीच उंबऱ्यावर येऊन बसले. म्हनलं, उठलेच तर अडवीन. काय व्हायचं ते होऊ दे, एकदा ह्यांना पोटभर झोपू दे. उपाशी मानसाला जेवू घालतो तसं.

ईश्वरप्पा : आन् आता? मॅडमला काय सांगू मी?

सिंधु : खरं सांगा. बायकोनं किल्ली चोरली म्हनून. मी येते पाह्यजे तर दालनात.

ईश्वरप्पा : खबरदार. तो व्यंकटराव काय म्हनंल? ज्याला बायकोपासून किल्ली राखता येईना, त्याच्याकडं गावाची टाकी कशी द्यायची? तू तोंड उघडायचं न्हाई. मी बघतो. लाईट नव्हती म्हनून सांगू. नगरपरिषदेत सगळ्या रोगांवर एकच औषध चालतं, लाईट नव्हती.

देविदास : सिंधु… कोन आलंय गं?

सिंधु : उठले. अप्पा, त्यांना बोलत ठिवा जरा, मी सदरा घेऊन येते.

ईश्वरप्पा : मी हाय रे, ईश्वरप्पा. सहज आलतो. झोप झाली का?

देविदास : ऊन… एवढं ऊन कसं आलं आत? अप्पा, किती वाजले?

ईश्वरप्पा : वाजायचं ते वाजलंच न्हाई आज, तिथून पुढचं काय सांगू.

देविदास : एवढा वेळ झोपलो मी? गाव उठलं का?

ईश्वरप्पा : उठलं, हळूहळू. आपापल्या सोयीनं.

देविदास : आन् मला कुनी… माजा सदरा कुठाय? किल्ली कुठाय?

सिंधु : हा घ्या सदरा. किल्ली खिशातच हाय की. आन् फोन हा घ्या. तोंड धुवा आधी.

देविदास : फोनला हे काय लागलंय? भुसा?

सिंधु : मी ज्वारी पाखडत होते शेजारी. पुसा.

ईश्वरप्पा : देविदास, ऐक. मॅडमनं बोलावलंय. दालनात व्यंकटराव आन् कंपनी बसलीय. घाबरायचं न्हाई. सरळ सांगायचं, फजरला लाईट नव्हती. बाकी मी सांभाळतो.

देविदास : लाईट होती, अप्पा. पंखा अजून चालू हाय माजा.

ईश्वरप्पा : आरं, तुज्या पंख्याला कोन साक्षीला बोलावतंय?

देविदास : चला. वाटंत बोलू.

सिंधु : च्या तरी प्या.

देविदास : आल्यावर. सिंधु… रडू नको. काय व्हतंय ते बघू.

सिंधु : मी कुठं रडते? लसूण हाय तो.

(त्याच दिवशी दुपार. तोच ओटा. बाराचा भोंगा नुकताच वाजून थांबलाय. ईश्वरप्पा सायकल भिंतीला टेकवून येतो, घामाघूम.)

सिंधु : अप्पा, हा भोंगा कुनी वाजवला? ह्यांचा हात न्हाई हा. हे मोजून वाजवतात. हा किती लांबला. आधी अडखळला, मंग सोडंचना. कुनाच्या हातात दिली किल्ली? निलंबित केलं ह्यांना?

ईश्वरप्पा : पानी दे आधी. आन् बस खाली. सांगतो सगळं. काय दिवस उगवला म्हनायचा आज!

सिंधु : आधी एक सांगा. नोकरी हाय का गेली?

ईश्वरप्पा : हाय. आता निवांत ऐक. आम्ही गेलो तर दालनात पाय ठिवायला जागा न्हाई. व्यंकटराव खुर्चीत, बाकीचे उभे, आपले सगळे कर्मचारी दाराला लटकलेले. तुजा देविदास आत गेला आन् हात जोडून उभा राहिला. मी मागून सुरुवात केली, मॅडम, काय झालं की फजरला लाईट… तर हा म्हनला, लाईट होती मॅडम. मी झोपलो होतो.

सिंधु : असं म्हनले?

ईश्वरप्पा : असंच. सरळ. अगं, एवढी वर्सं झाली मला, नगरपरिषदेत असं वाक्य मी कधी ऐकलं न्हाई. फाइल सापडत न्हाई, साहेब दौऱ्यावर हायत, वरून आदेश न्हाई, हे सगळं ऐकलंय. मी झोपलो होतो, हे पहिल्यांदा. व्यंकटराव उसळला. म्हनला, झोपायचा पगार घेतोस का रे? तुजा नवरा म्हनला, मालक, चूक झाली माजी. तुमच्या मिलचं नुकसान झालं, त्याची लाज वाटते. पन आज लई झोप लागली होती. आता खोटं बोलून ती वाया घालवनार न्हाई.

सिंधु : बाई गं. आन् मॅडम काय म्हनल्या?

ईश्वरप्पा : मॅडम म्हंजी शिल्पा मॅडम, त्यांची गत तुला ठाव न्हाई. शेजारच्या नगरपरिषदेचा मुख्याधिकारी बदलून गेला, त्या जागी कुनी आलं न्हाई, त्याचा चार्ज बी ह्यांच्याकडंच. अर्धा दिस हितं, अर्धा तिथं, जेवन जीपमधी. मला वाटलं आता फाडून खातील. तर त्यांनी नुसतं इचारलं, देविदास, आता कसं वाटतंय? हा भांबावला. मंग म्हनला, डोकं हलकं झालंय मॅडम. वाटंत येताना लिंबाची पानं हिरवी दिसली. मधी सगळं मळकट दिसायचं.

सिंधु : मला बी कधी बोलले न्हाईत हे.

ईश्वरप्पा : मॅडम हसल्या. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. म्हनल्या, मला बी एकदा अशी झोप पाह्यजे. आन् मंग, सूनबाई, तो भागवत! तोंडातून शब्द न काढनारा. मागून म्हनला, मॅडम, आज भोंगा झाला न्हाई म्हनून मी बी झोपलो. लई दिसांनी बायकोसंगं बसून च्या पिऊन आलोय. मंग एकेकाला कंठ फुटला. कुनी म्हनलं पोराला आज मीच आंघोळ घातली. माजी झाडूवाली कावेरीबाई म्हनली, आज पाठ दुखली न्हाई. लोक भांडायला आलते आन् झोपेच्या गोष्टी सांगायला लागले.

सिंधु : आन् व्यंकटराव?

ईश्वरप्पा : त्याचीच तर मजा. मॅडमनं इचारलं, व्यंकटराव, तुमी कधी उठलात आज? मॅडम म्हनल्या, झोप कशी लागली? तो टोपी काढून मांडीवर ठिवतो, पुन्हा घालतो. शेवटी म्हनला, बरी लागली. एवढंच. पन सगळं दालन फिसकन हसलं, आन् त्यालाबी हसू आवरंना. मंग म्हनतो कसा, मिल राहती का जाती ह्या घोरात रातरात छताकडं बघत असतो मी. आज कसा काय डोळा लागला ठाव न्हाई. मंदी काय एकट्या कर्मचाऱ्याच्या उरावर बसली न्हाई गं. मालकाच्याबी बसलीय.

सिंधु : मंग सोडलं त्यांनी?

ईश्वरप्पा : सोडलं. निलंबनाचं नाव काढलं न्हाई पुन्हा. पन म्हनला, उद्या भोंगा पाह्यजे म्हंजी पाह्यजे. ते बी खरंच हाय. कारने दाखवा नोटीस मात्र निघाली. ती काढावीच लागती, कायदा हाय. देविदास त्यात काय लिहिनार ते दालनात बोललाच हाय.

सिंधु : आन् हा भोंगा?

ईश्वरप्पा : तिथंच येतोय. मॅडम म्हनल्या, एका मानसावर सगळं गाव टांगून ठिवलंय आपन. आजपासून भोंग्याची पाळी लावू, हप्त्यातून एकेकाची. कोन कोन शिकायला तयार हाय? मला वाटलं आता सगळे छताकडं बघतील. जादा काम म्हनलं की आमच्या हापिसात मान खाली घालायची रीत हाय. तर सूनबाई, सगळे हात वर. भागवतचा वर, टायपिंगच्या पोरीचा वर, शिपायाचे तर दोनी हात वर.

सिंधु : जादा कामाला?

ईश्वरप्पा : अगं, काम कुठाय ते? ती कळ हाय. ह्या गावात जल्मलेल्या हरेक मानसाला लहानपनापासून ती कळ एकदा दाबायची होती. तुज्या सासऱ्यानं कुनाला दाबू दिली न्हाई. आम्ही पोरं त्या खोलीच्या खिडकीला नाक लावून उभी राहायचो. आन् आज मुख्याधिकारीन सांगते, या, दाबा. मंग काय, जिन्यात चेंगराचेंगरी. माज्या आधी कोन, तुज्या आधी कोन. शेवटी मॅडम म्हनल्या, पहिला मान माजा. देविदासनं शिकवलं. किल्ली अशी फिरवा, कळ हळू दाबा, मनात श्वास मोजा, मंग सोडा. मॅडमनं दाबली, घाबरून सोडली, पुन्हा दाबली…

सिंधु : म्हनून अडखळला.

ईश्वरप्पा : आन् मंग सोडंचनात. देविदास म्हनतोय मॅडम, पुरे, गाव घाबरंल. मॅडम डोळे मिटून कळ धरून उभ्या. सोडल्यावर म्हनल्या, त्या शिबिरापेक्षा हे बरं होतं.

सिंधु : देवा रे. आन् आपले हे? त्यांना कसं वाटलं? बापाची किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली.

ईश्वरप्पा : ते मी बघत होतो. मॅडमनं किल्ली मागितली तवा याचा हात पुढं आला आन् तिथंच थांबला. मूठ उघडंना. मंग मीच कानात म्हनलो, देविदास, भूकंपाच्या दिवशी तुजा बाप पडला असता, तर भोंगा कुनी धरला असता? तशी मूठ उघडली.

सिंधु : बरं बोललात अप्पा.

ईश्वरप्पा : मंग! उगाच मुकादम झालो का? आन् आता खरी बातमी ऐक. उद्याच्या फजरचा पाचचा भोंगा कुनाचा? सांग कुनाचा?

सिंधु : तुमचा?

ईश्वरप्पा : माजा! रिटायर व्हायला आलो, आन् आता कळ हाती आली. घरी सांगितलं बी न्हाई अजून. घड्याळ मागून आनायचं हाय शेजाऱ्याकडून, माजं मागं पडतंय. दोन मागून आनतो. रातभर झोप यायची न्हाई मला.

सिंधु : झोपा तुमी. तुमाला कुनीतरी उठवंल.

ईश्वरप्पा : कोन उठवंल? भोंगा तर मीच हाय.

सिंधु : आन् दिव्यांचं काय ठरलं? व्हॉल्वचं?

ईश्वरप्पा : ते अजून काय न्हाई. व्हॉल्वला कोन हात वर करतंय? मॅडम म्हनल्या, बघते. बघतील. एका दिसात सगळं हुनार न्हाई. …आला बघ. तो बघ कसा चालतोय, हात खिशात घालून. लग्नाआधी असा चालायचा. मी जातो, माजा खोळंबा झाला. देविदास, श्वास किती मोजायचे म्हनलास?

देविदास : मोजा तुमच्या मनानं, अप्पा. गाव ओळखंल तुमचा हात.

ईश्वरप्पा : ओळखंल, ओळखंल. सूनबाई, जातो गं. लसूण सोलून झाला असंल आता.

देविदास : गेले. सायकल कशी हानतात बघ, पोरावानी.

सिंधु : बसा. च्या ठिवते. अप्पांनी सांगितलं सगळं.

देविदास : सगळं त्यांच्या पद्धतीनं सांगितलं असंल. मॅडम रडल्या म्हनले का?

सिंधु : हाव.

देविदास : तेवढं खरं हाय. …हात रिकामा रिकामा वाटतोय. किल्ली हापिसात खिळ्याला लावून आलो.

सिंधु : मला एक सांगायचं हाय. रागवायचं असंल तर रागवा.

देविदास : सांग.

सिंधु : रातच्याला किल्ली मी काढली. फोन बी मीच बंद केला. तुमी दालनात म्हनलात, मी झोपलो होतो, चूक माजी. चूक तुमची न्हाई. नोटिशीत माजं नाव लिहा.

देविदास : नोटिशीत बायकोचं नाव लिहायला जागा नसती.

सिंधु : चेष्टा करू नका. मी तुमाला झोपवलं. तुमच्या बापाच्या घरात भोंगा चुकला तो माज्यामुळं. तुमची नोकरी गेली असती आज.

देविदास : सिंधु, माजा डोळा उघडला होता.

सिंधु : कधी?

देविदास : भोंग्याच्या आधी. रोजच उघडतो, गजर लागत न्हाई मला. सदरा चाचपला तर खिशात किल्ली न्हाई. उशाला फोन न्हाई. उठून बसलो. दारातून बघितलं तर तू उंबऱ्यावर. पाठ माज्याकडं, हातात मुसळ.

सिंधु : मुसळ कुठलं? लाटनं होतं ते.

देविदास : अंधारात मुसळच वाटलं.

सिंधु : मंग मागायची किल्ली. मी दिली असती. तुमी उठून मागितली असती तर माज्याच्यानं न्हाई म्हनवलं नसतं.

देविदास : मागनार होतो. तोंडाशी आलतं. पन तुजी पाठ दिसली. ताठ बसली होतीस. डुलकी आली की मान झटकायचीस, पुन्हा ताठ. म्हनलं, ही जागी हाय.

सिंधु : मंग?

देविदास : मंग कूस बदलली. कुनीतरी जागं हाय म्हनलं की झोप लागती, सिंधु. गावाला लागती तशी.